वार लावून इंग्रजी

मागच्या रविवारी सकाळी साडेसातला नांदेडहून दादाचा फोन. आठवडाभर हिंजवडीत कोड बडवणाऱ्या माणसासाठी रविवारचे साडेसात म्हणजे मध्यरात्रच. "तुला एक मेल टाकलाय. बघ आणि सांग, हे खरं असतंय का नुसती लुबाडणूक हाय?"

मेलमध्ये एका संस्थेचं पत्रक होतं. गुळगुळीत, हिरव्यागार लॉनवर हसणारी पोरंपोरी. इंग्लंडात तीन आठवडे, सकाळी इंग्रजीचे वर्ग, दुपारी सहली, आणि राहायची सोय एका इंग्रज कुटुंबात. होस्ट फॅमिली! माझी पुतणी सोळा वर्षांची, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. तिच्या क्लासमधून हे पत्रक आलं आणि घरात आठ दिवस महाभारत चालू होतं. पैशाचं आहेच (तेवढ्यात इंजिनिअरिंगचं एक वर्ष निघेल, हा दादाचा हिशेब), पण आईचा मुद्दा निराळा. तिनं दादाच्या हातातून फोन घेतला आणि एकच विचारलं, "ते लेकरू तिथं जेवणार कुणाकडं? आणि त्यांनी का म्हणून जेवू घालायचं?"

मी हसलो. "आई, पैसे घेतात ते लोक." पण फोन ठेवल्यावर झोप काही लागली नाही. कारण हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही. माझे आजोबा या प्रश्नावरच शिकले.

आजोबा अंबाजोगाईला योगेश्वरीच्या शाळेत होते, १९३०च्या दशकाच्या शेवटी. ही शाळा १९१७ची. निजामाच्या राज्यात सरकारी हायस्कुलांचं माध्यम उर्दू, खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी, असे ते दिवस. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून आलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ पासून काही वर्षं योगेश्वरीचे मुख्याध्यापक होते, आणि आमच्या आजोबांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे वार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (पिझ्झावर वाढलेली पिढी आहे आपली, काय करणार): गरीब विद्यार्थ्यानं गावातली सात घरं धरायची, सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. याला वार लावून जेवणं म्हणत. आजोबांना सहाच घरं मिळाली होती. शनिवार मोकळा. शनिवारी गूळ-शेंगदाणे, आणि "मारुतीचा वार आहे, उपास धरला" असं वर्गात सांगायचं.

हे जेवण फुकट नव्हतं, बरं का. पैसे नव्हते, पण किंमत होती. सोमवारच्या घरी आडाचं पाणी शेंदून द्यायचं. बुधवारच्या घरी धाकट्याचे पाढे घ्यायचे. गुरुवारच्या घरी एक विधवा आजी होत्या, त्यांच्याकडे काहीच काम नसायचं, नुसतं जेवताना त्यांचं बोलणं ऐकायचं. आजोबा म्हणत, ते सगळ्यात अवघड काम होतं. आणि रविवारी एका वकिलांकडे. या वकिलांकडे टपालानं इंग्रजी पेपर यायचा, दोन-तीन दिवस शिळा. त्यांचे डोळे अधू झाले होते, म्हणून जेवणानंतर आजोबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. अर्थ कळो न कळो. उच्चार चुकला की वकीलसाहेब झोपेतून जागे झाल्यासारखे "हूं!" करायचे. शब्द सांगायचे नाहीत, नुसतं हूं. मग आजोबा दुसऱ्या तऱ्हेनं म्हणून बघायचे, हूं थांबेपर्यंत. आजोबांचं इंग्रजी असं आलं. मरेपर्यंत ते 'वेन्सडे'चा 'डी' म्हणायचे नाहीत आणि आम्ही म्हटला की त्यांच्याही तोंडून "हूं!" निघायचं.

या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे आणि ती आजोबा स्वतःच सांगत. वार त्यांना मिळाले ते ब्राह्मणाच्या पोटी जन्माला आले म्हणून. त्यांच्या वर्गात एक कुणब्याचा मुलगा होता, गणितात यांच्या फार पुढे. तो एका नातेवाइकाच्या ओसरीवर तीन दगडांची चूल मांडून स्वतः भाकऱ्या थापायचा, आणि सुगीच्या दिवसात घरून पीठ आलं नाही की गावाकडे निघून जायचा. एकदा गेला तो परत आलाच नाही. दलितांच्या पोरांना तर शाळेपर्यंत पोचणंच अवघड, वाराची गोष्ट सोडा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, ते याच दुखण्यावरचं औषध होतं. मराठवाड्यात ते उशिरा पोचलं. औरंगाबादेत बाबासाहेबांनी काढलेलं कॉलेज, नंतरचं मिलिंद, १९५०चं. आमच्या नांदेडचं पीपल्स कॉलेजही १९५०चंच.

असो. सांगायचा मुद्दा असा, की दुसऱ्याच्या घरी राहून-जेवून शिकणं ही काही साहेबाची आयडिया नाही. पण मग परदेशात, परक्या कुटुंबात, विशीच्या आत जाऊन राहिलेलं पहिलं मराठी माणूस कोण? अगदी पहिलं कोण ते मी छातीठोक सांगणार नाही, पण सगळ्यात ठळक नाव तुम्हाला माहीतच आहे. फक्त त्या नावाकडे आपण या बाजूनं बघत नाही.

आनंदीबाई जोशी. आपल्याला त्या 'पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर' म्हणून पाठ असतात. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी १९६८ची, सिनेमा २०१९चा. पण तारखा बघा. जन्म ३१ मार्च १८६५. न्यूयॉर्कला पाऊल ठेवलं ४ जून १८८३ रोजी. म्हणजे वय वर्षं अठरा, महिने दोन. टीनएजरच की! आणि फिलाडेल्फियाचं कॉलेज सुरू होणार ऑक्टोबरात. मधला सगळा उन्हाळा त्या न्यू जर्सीतल्या रोझेल नावाच्या गावात कार्पेंटर कुटुंबाच्या घरी राहिल्या. समर होमस्टे याला नाही म्हणायचं तर कशाला?

हे घर त्यांना मिळालं कसं, तो किस्सा कुठल्याही सोशल नेटवर्कच्या तोंडात मारेल असा आहे. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून. बायकोला अमेरिकेत शिकवायचं या ध्यासापायी त्यांनी मिशनऱ्यांना पत्रं लिहिली. रॉयल वाइल्डर म्हणून कोल्हापुरात काम केलेले एक मिशनरी होते, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. गोपाळरावांनी नकार दिला. वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. ते मासिक रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती लागलं. कुठे? तर दाताच्या डॉक्टरकडे, नंबर यायची वाट बघताना. त्यांनी वाचलं आणि १८८० मध्ये अनोळखी मुलीला पत्र लिहिलं, की तू ये, माझं घर आहे.

पुढची तीन वर्षं पत्रं चालली. पंधरा वर्षांची मुलगी इंग्रजीत लिहितेय, आपले सण, आपली लग्नं, आपलं घर समजावून सांगतेय. पलीकडची बाई उलट प्रश्न विचारतेय. कलकत्त्यात आनंदीबाईंची तब्येत ढासळली तर हिनं अमेरिकेतून औषधं पाठवली. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. (पत्रं इंग्रजीत, त्यामुळे 'ऑन्ट'. पण नातं मावशीचंच.) मला विचाराल तर आनंदीबाईंचा इंग्रजीचा खरा कोर्स हा होता. शिकवायला सुरुवात केली नवऱ्यानं, पण बोलण्यासारखं काहीतरी आणि ऐकणारं कुणीतरी मिळालं ते इथं.

घर ठरलं म्हणून प्रश्न मिटला असं मात्र झालं नाही. प्रश्न पुन्हा आईचाच: जेवणार कुणाकडं? ब्राह्मणाच्या बाईनं समुद्र ओलांडायचा आणि ख्रिस्त्याच्या घरी जेवायचं, म्हणजे जात बुडालीच. आणि दुसऱ्या बाजूनं मिशनऱ्यांना वाटे, की बाटायला तयार नाही तर येतेस कशाला. २४ फेब्रुवारी १८८३ला या सतरा वर्षांच्या मुलीनं श्रीरामपूरच्या कॉलेजात (आपलं नगरचं नव्हे, कलकत्त्याजवळचं) इंग्रजीत भाषण केलं आणि भर सभेत सांगितलं, की हिंदू म्हणून जाते आहे, हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिलला बोट निघाली. बोटीवर शाकाहाराचे हाल झाले, बरेच दिवस बटाट्यांवर काढले.

आणि मग रोझेल. एक गंमत, ही माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडते. त्याच वर्षी जानेवारीत एडिसननं खांबांवरून तारा टाकून एक अख्खं गाव विजेच्या दिव्यांनी उजळायचा पहिला प्रयोग केला, ते गाव रोझेल! म्हणजे जूनमध्ये कल्याण-अलिबाग-कोल्हापूर बघितलेली मुलगी जिथं उतरली तिथं रस्त्यावर विजेचे दिवे होते. लोडशेडिंगमध्ये अभ्यास केलेल्या नांदेडकराला याचं कौतुक जरा जास्तच.

मावशीनं त्यांना बदलायला लावलं नाही. साडी राहिली, शाकाहार राहिला, धर्म राहिला. थंडीसाठी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागल्या, पण ते त्यांनी स्वतः ठरवलं. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. आणि मग ते, जे सगळ्यांना माहीत आहे: क्षय, परतीचा प्रवास, २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू. बावीसही पूर्ण नव्हती.

इथं थांबतात सगळे. पण होस्ट फॅमिलीची गोष्ट इथं संपत नाही. गोपाळरावांनी अस्थी मावशीकडे अमेरिकेला पाठवल्या. कार्पेंटर कुटुंबानं त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या स्मशानभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत पुरल्या, दगड बसवला. तो आजही तिथं आहे. चार महिने पाहुणी म्हणून आलेली मुलगी त्या घरची झाली ती अशी.

सगळ्यांना मावशी मिळत नाही. गांधीजी १८८८मध्ये लंडनला पोचले तेव्हा एकोणिसावं संपत आलं होतं. एका विधवा बाईच्या घरी पैसे भरून राहिले. आईला दिलेला शब्द म्हणून मांस नाही, आणि पाव जास्त मागायची लाज. उपाशीच राहिले बिचारे, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. त्या बाईच्या दोन मुली आग्रह करून एखादा तुकडा जास्त वाढायच्या, पण भूक अख्ख्या पावाची. बॅरिस्टर व्हायला आलेला माणूस आणि "अजून एक द्या" हे वाक्य तोंडातून निघत नाही. व्याकरण येत नव्हतं म्हणून का? आजोबांचा शनिवार आणि हा पाव मला एकच वाटतात.

अशा पोरांसाठी काही सोय असावी असं तेव्हाही लोकांना वाटत होतं. मेरी कार्पेंटर (आपल्या मावशींशी घोळ करू नका, या ब्रिस्टलच्या) यांनी १८७०मध्ये नॅशनल इंडियन असोसिएशन काढली. पुढे एलिझाबेथ मॅनिंग या बाई तिच्या सेक्रेटरी झाल्या आणि इंग्लंडात शिकायला येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांची विचारपूस, ओळखीपाळखी, माहितीपुस्तक, हे सगळं ही संस्था बघू लागली. १८९५ साली हैदराबादहून निजामाची शिष्यवृत्ती घेऊन सोळा वर्षांची एक मुलगी लंडनला गेली, ती याच मॅनिंगबाईंच्या देखरेखीखाली. पुढच्या सरोजिनी नायडू. निजामाचा खजिना म्हणजे आमच्या गोदाकाठच्या शेतसाऱ्याचेही चार पैसे त्यात असणारच! त्याच काळात नांदेडच्या किती मुलींना ग म भ न येत होतं, हा विचार केला की कौतुक जरा घशात अडकतं.

याचा धंदा झाला तो विसाव्या शतकात. १९६५मध्ये बर्टिल हुल्ट नावाच्या तरुणानं स्वीडिश शाळकरी पोरं उन्हाळ्यात इंग्लंडला न्यायला सुरुवात केली, आणि त्या 'सुट्टीतल्या शाळे'ची ईएफ नावाची जगभर पसरलेली कंपनी झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन, हेस्टिंग्ज, बोर्नमथ अशा गावांत दर उन्हाळ्यात अशी पोरं उतरतात आणि घराघरांतून वाटली जातात. घरमालकिणीला दर आठवड्याला प्रत्येक पोरामागे ठरलेले पैसे. म्हणजे वारच, फक्त पाणी शेंदायचं नाही.

आता माझं सांगतो. मी इंग्रजी शिकलो कुठं? नांदेडला मराठी माध्यम. मग अकरावी-बारावीला लातूर, कारण तेव्हा नांदेडच्या हुशार पोराला लातूर पॅटर्नशिवाय मोक्ष नव्हता. तिथंही मी एका घरी पैसे भरून राहत होतो. काकू वाईट नव्हत्या, पण पोळ्या मोजायच्या. चौथी मागितली की "वाढू का?" असं विचारायच्या, आणि त्या 'का'मध्ये सगळं यायचं. दोन वर्षांत त्या घरात मी फिजिक्स, केमिस्ट्री आणि तीन पोळ्यांत भागवणं शिकलो. नंतर कंपनीनं पहिल्यांदा ऑनसाइट पाठवलं तेव्हा चार तेलुगू मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहिलो. सहा महिन्यांत तेलुगू बऱ्यापैकी आलं. इंग्रजी होतं तिथंच! क्लायंट कॉलवर म्यूट बटणावर अंगठा ठेवून बसायचो.

दुसऱ्या खेपेला रेडिंगला एका बाईच्या घरी वरची खोली मिळाली. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी मला काही शिकवलं नाही. फक्त रोज संध्याकाळी चहाची किटली ठेवून विचारायच्या, आज काय झालं. "नथिंग" म्हटलं की त्या थांबायच्या. बोलायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. मग मला काहीतरी सांगावंच लागायचं. तिसऱ्या महिन्यात मी त्यांना आजोबांच्या शनिवारची गोष्ट सांगितली. अडखळत, 'वार'ला शब्द सापडेना म्हणून बोटांवर दिवस मोजून. त्या ऐकत होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, आज शनिवार आहे, जेवायला बस. भाड्यात जेवण नव्हतं. पुढचे पाच महिने दर शनिवारी मी त्यांच्याकडे जेवलो.

तर दादाला मी मंगळवारी फोन केला. म्हणालो, क्लासरूम किती मोठी, मास्तर कोण, सर्टिफिकेटवर काय छापतात, ते सोड. व्याकरण नांदेडातही शिकवतात. घराचं विचार. संस्थेला ब्रिटिश कौन्सिलची मान्यता आहे का ते त्यांच्या यादीत आपण स्वतः बघायचं. अठराच्या आतलं मूल ठेवणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांची पोलीस-रेकॉर्डची तपासणी केलीय का, हे लेखी मागायचं. त्याच घरात दुसरं मराठी-हिंदी बोलणारं पोरगं ठेवणार नाहीत ना, हेही; नाहीतर माझ्या तेलुगूसारखं व्हायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीचं जेवण घरची माणसं तिच्याबरोबर टेबलावर बसून करतात, का ताट झाकून ठेवतात?

दादा म्हणाला, "हे असलं विचारायचं का त्यांना? काय म्हणतील?"

पुतणीनं विचारलं. स्वतः, इंग्रजीत मेल लिहून. (मी फक्त एक 'द' घातला.) उत्तर आलं, की शक्यतो एकत्रच जेवतात, आणि शाकाहारी घराची मागणी फॉर्मवर लिहा. कोर्स जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतोय. तारीख बघून मला एकदम ४ जून आठवला, पण घरात बोललो नाही. आई पटकन म्हणाली असती, "ती परत येऊन गेलीच ना?" आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ती आधीपासूनच आजारी होती, हे खरं असलं तरी उत्तर नाही.

फॉर्म सोमवारी गेला. पैसे दोन हप्त्यांत. आईनं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी करायला घेतलीय, एक डबा लेकरासाठी, एक त्या घरच्यांसाठी. काल रात्री पुन्हा फोन केला तिनं.

"त्या घरच्या बाईचं नाव काय रे? तुझ्या आजोबांना सहाच्या सहा घरांची नावं पाठ होती."

अजून कळलं नाही, म्हटलं. दहा दिवस आधी कळवतात, असं पत्रकात लिहिलंय.